रविवारची उलटी

दोह्यात साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असल्यामुळे, आपल्याकडे ज्या रविवारी मुले उशिरापर्यंत अंथरुणात लोळत असतात त्याच रविवारी तेथील मराठी घरांतून पहाटे डबे भरण्याची लगबग सुरू होते. आणि अशा एखाद्या घरात, शाळेची बस यावयास थोडाच अवकाश उरला असता, सात-आठ वर्षांचे पोर नुकतेच प्यालेले दूध भडाभडा ओकून टाकते. आई कपाळाला हात लावून पाहते, तो ताप नाही. आजी फोनवरून मीठमोहऱ्यांचा इलाज सुचविते. दहा वाजता तेच पोर खावयास मागते, आणि मग वडीलधारी मंडळी ‘नाटक’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरदाखल करतात.

हा निवाडा अन्यायाचा आहे. मेंदू आणि मज्जारज्जू जेथे जुळतात तेथे वमनाचे नियंत्रण करणारी केंद्रे वसलेली असून, रक्तात शिरलेले विष, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि जठर यांच्याप्रमाणेच भयाचा खलिताही त्याच कचेरीत दाखल होतो. जठर व मेंदू यांना जोडणारा मुख्य मज्जातंतू व्हेगस. त्यातील सुमारे ८० टक्के धागे पोटाची खबर वर पोहोचविणारे! धास्तीच्या वेळी मेंदूतून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते, आणि दूध तेथेच तुंबून राहते. ‘पोटात गोळा येणे’ हा आपला वाक्प्रचार शरीरशास्त्राला फारसा सोडून नाही.

हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने १८९८ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराची हालचाल न्याहाळली, तेव्हा मांजरी अस्वस्थ होताच ती हालचाल एकाएकी थांबे, आणि तिला गोंजारल्यावर ती गुरगुरू लागली की पुन्हा सुरू होई. मांजरीवर नाटकाचा आरोप कोण करील?

तथापि सारा दोष चिंतेच्या माथी मारणेही घातक. हिरवी वा रक्तमिश्रित उलटी, सकाळच्या उलटीसोबत डोकेदुखी, डोक्याला मार, घटलेली लघवी, ही लक्षणे दिसली तर वाराचा हिशेब न करता रुग्णालय गाठावे. दोह्यात ‘सिद्रा’सारखे बालरुग्णालय आहेच. ही शंका फिटली, की मग मात्र दिनदर्शिका पाहावी: सुटीच्या दिवशी पोट शांत असते काय?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २०व्या अध्यायात मनाच्या आघाताने होणाऱ्या छर्दीवर, म्हणजे उलटीवर, मनाजोगते बोलणे, धीर, गोष्टी आणि मित्रांची संगत असा उपचार सांगितला आहे. शनिवारी संध्याकाळी दोह्याच्या समुद्रकाठच्या कॉर्निशवर फिरता फिरता तो करून पाहण्यास हरकत नाही. आईबापांनी मनाशी गणिताचे गुरुजी किंवा उजवीकडून डावीकडे लिहावयाची अरबी यांनाच आरोपी ठरविलेले असते. पण तेथील निवासाचा परवाना बहुधा बापाच्या नोकरीला बांधलेला, आणि भिंतीपलीकडे रात्री चाललेले बोलणे पोराच्या कानी पडलेले. बराच वेळ समुद्राकडे पाहत राहून ते विचारते, “बाबा, तुमचं काम सुटलं तर आपल्याला लगेच जावं लागेल का?”