कासवाच्या पिल्लाला ऊन हवं

माशांच्या दुकानात काचेच्या वाडग्यात हिरवीगार पिल्लं वळवळत असतात. आकार दहा रुपयांच्या नाण्याएवढा, डोळ्यांमागे लाल पट्टा. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं रेड-इअर्ड स्लायडर. सोबत प्लास्टिकचा वाडगा आणि सुक्या कोळंबीची डबी मिळते. एवढ्यावर पिल्लू जगत नाही.

कासव पाण्यातलं, म्हणून आपण पाण्याचीच काळजी करतो. पण निसर्गात ते तासन्‌तास ओंडक्यावर ऊन खात बसतं. मागचे पाय लांबवतं, बोटं पसरतं, पाठ पार कोरडी होऊ देतं. अंगात ऊब आल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय त्याच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्यावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही. मग कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. खिडकीतलं ऊन इथे कामाचं नाही, कारण हवे ते किरण काचच अडवते.

म्हणून टाकी मांडताना आधी कोरडी जागा ठरवा. कडा घासलेला कौलाचा तुकडा उतरता, पक्का बसवला तरी चालतो. त्यावर उष्णतेचा दिवा आणि अतिनील किरण देणारी यूव्हीबी नळी, मध्ये काचेचं झाकण नको. बसायच्या जागी ३२ ते ३५ अंश तापमान हवं. दिवे दिवसा १० ते १२ तास, रात्री अंधार. यूव्हीबी नळी उजेड देत राहते, पण किरण कमी होत जातात. ती ६ ते १२ महिन्यांनी बदलावीच लागते.

पाणी २६ ते २८ अंशांचं. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतोच. सुरुवातीला खोली पिल्लाच्या पाठीच्या रुंदीहून थोडी जास्त ठेवा, म्हणजे उलटं पडलं तरी सरळ होता येतं. तळाला बारीक खडे नकोत, ते गिळतं. कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, तेव्हा फिल्टर दणकट घ्या.

खायला कासवांसाठीच्या गोळ्या द्या. नुसत्या कोळंबीवर पोषण होत नाही. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस पाण्यात टाकला की ते कुरतडतं, कॅल्शियम मिळतं. डोळे सुजून मिटले असतील, तर अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. अशा वेळी घरगुती उपाय नकोत, पशुवैद्य गाठा.

कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती पिल्लू देऊ नका.

मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि वीस-तीस वर्षं जगते. एवढी तयारी नसेल तर पिल्लू आणूच नका. आणलं असेल तर कंटाळून तळ्यात सोडू नका. ते तिथे तग धरतं आणि आपल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं.