वडील मंडळी व बोलता सहायक

आपल्या गावांतील सत्तरी ओलांडलेल्या मंडळींच्या खिशात आता मोबाइल आला आहे. परंतु त्याचा उपयोग बहुधा फोन घेणे व ठेवणे एवढाच. सन्मान निधीचा हप्ता जमा झाला किंवा नाही, हवामानाचा इशारा काय, औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, या प्रत्येक गोष्टीसाठी त्यांस मुलाची अगर नातवाची वाट पाहावी लागते. प्रस्तुत लेखकाने तहसील कचेरीत कारकुनी करीत असता, आपलाच सातबारा दुसऱ्याकडून वाचून घेणारे जाणते शेतकरी पुष्कळ पाहिले. वाचणारा सांगेल ते खरे मानण्यावाचून त्यांस गत्यंतर नसे.

हे परावलंबन कमी करण्याचे एक साधन आता हाती आले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकास मराठीत तोंडी प्रश्न विचारता येतो. केंद्र सरकारचा ‘किसान ई-मित्र’ सन २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झाला. तो सन्मान निधीसंबंधी माहिती देतो. महाराष्ट्राच्या कृषी खात्याने सन २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे ॲप आणले. त्यात पीक, कीड, हवामान व बाजारभाव यांविषयी मराठीत विचारता येते. यांखेरीज खाजगी कंपन्यांचे सर्वसाधारण सहायकही आहेत.

हा सहायक म्हणजे कोणी माणूस नव्हे. अफाट लिखाणावरून शब्दांची सांगड कशी बसते हे शिकलेले ते एक यंत्र आहे. ते बरोबर सांगते तेव्हा व चुकते तेव्हाही त्याचा स्वर सारखाच ठाम असतो. म्हणून वडील मंडळींस त्याची ओळख करून देताना बटणे दाखविण्याआधी त्याची परीक्षा घेण्यास शिकवावे, असे माझे मत आहे. याचा अनुभव सांगतो.

गेल्या ज्येष्ठात हदगाव येथे आमचे चुलते तात्या, वय ७६, यांच्या हाती मी असा एक सहायक दिला व म्हटले, “तात्या, तुम्हांला पक्के ठाऊक असेल तेच याला विचारा.”

“ठाऊक आहे तर विचारायचे कशाला रे?”

“हा खरे बोलतो की नाही, हे कळावयास.”

तात्यांनी सोयाबीनचे बियाणे किती लागते ते विचारले. उत्तर आले, पंचाहत्तर किलो. तात्या हसले. “हा पेरणी करतो की वाळवण घालतो? एकरी तीस किलो पुरते.”

उत्तर पुन्हा ऐकता उलगडा झाला. सहायकाने हेक्टरी प्रमाण सांगितले होते. तात्यांनी ते एकरी समजले. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. ७५ ला अडीचने भागिले की ३० येतात. दोघेही बरोबर होते. परंतु हीच गफलत तणनाशकाच्या मात्रेत झाली असती, तर अडीचपट औषध पडून उभे पीक होरपळले असते. तेव्हापासून तात्या प्रत्येक प्रश्नात “एकरी” हा शब्द घालतात.

पुढे त्यांनी आपण होऊन विचारले, “बियाणे घरचे आहे, तेवढेच पुरेल काय?” सहायकाने शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजण्यास सांगितले. ६२ दाणे उगवले. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्यास एकरी अर्धा किलो बियाणे वाढवावे, या हिशेबाने ३४ किलो झाले. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांस विचारता त्यांनीही तेच सांगितले, आणि मगच तिफण चालली.

या अनुभवावरून घरातील तरुणांनी पुढील क्रम ठेवावा.

१. मोबाइल वडिलांच्याच हाती द्यावा. आपण भराभर बोटे चालविल्याने ते काही शिकत नाहीत.

२. आरंभी टंकलेखन नको. तोंडीच विचारू द्यावे. बोलीतला शब्द यंत्रास न कळल्यास तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत विचारण्यास सांगावे.

३. पहिले तीन-चार प्रश्न त्यांच्या अनुभवातले असावेत.

४. प्रश्नात गाव, पीक, पिकाचे वय व जमिनीचे माप आवर्जून सांगण्याची सवय लावावी.

५. औषधाची मात्रा, दुखण्यावरील उपचार व पैशाचा व्यवहार यांत सहायकाचे उत्तर अखेरचे मानू नये. मात्रा बाटलीवरील चिठ्ठीशी ताडावी. शेतीच्या शंकेस १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकावर माणसाशी बोलता येते.

६. आधार क्रमांक, बँकेचा गुप्त अंक अगर ओटीपी कोणत्याही सहायकास सांगू नये. फसवणूक होऊन पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

वडील मंडळी नव्या यंत्रास भितात ती बहुधा आपले अज्ञान उघडे पडेल म्हणून. पण येथे परीक्षा त्यांची नसून यंत्राची आहे, आणि ती घेण्यास लागणारे ज्ञान त्यांच्याजवळ साठ वर्षांचे आहे. एवढे त्यांस पटले की पुढचे ते स्वतःच शिकतात. नातवाने येत्या रविवारी एक तास आजोबांजवळ बसावे, इतकीच विनंती आहे.