हजेरीवरचे यजमान

गेल्या व्याख्यानात आपण सार्त्रच्या वेटरपर्यंत आलो होतो आणि वेळ संपली म्हणून त्याला तसाच ट्रे घेऊन उभा ठेवला होता. आज त्याच्यापासूनच सुरुवात करू.

सार्त्रच्या 1943 सालच्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या ग्रंथात पॅरिसच्या कॅफेतला एक वेटर येतो. त्याच्या हालचाली जरा जास्तच चपळ, वाकणं जरा जास्तच अदबीचं. सार्त्रचं म्हणणं असं, की हा माणूस वेटर असण्याचा खेळ खेळतोय. आपण म्हणजे हे कामच, दुसरं काही नाही, अशी स्वतःची फसवणूक करून घेतोय. उदाहरण मोठं बहारीचं आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: हा वेटर त्या कॅफेचा आहे. काल होता, उद्याही असेल. भूमिका अंगात मुरायला त्याला वेळ मिळालाय.

आता त्याच्या जागी आपल्याकडच्या एखाद्या मंगल कार्यालयात संध्याकाळी पाचला आलेला कॉलेजातला मुलगा उभा करा. काळी पँट त्याची स्वतःची, जॅकेट आणि बो केटररचा. जॅकेट काल दुसऱ्या कुणीतरी घातलेलं. सात वाजता तो पाहुण्यांसमोर हसत उभा राहतो, आणि रात्री उशिरा, भांडी आवरल्यावर, पैसे घेऊन निघतो. उद्या कार्यालय दुसरं, जॅकेट दुसरं. भूमिकेत हरवून जाण्याची चैन याला कुठून परवडणार?

असे तात्पुरते लोक या धंद्याला का लागतात, हे आधी नीट समजून घेऊ, कारण इथे मालकाच्या हावरेपणाकडे बोट दाखवून प्रश्न सुटत नाही. कारखानदार माल गोदामात ठेवू शकतो. हॉटेलची आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. ती रात्र गेली ती गेली. त्यात मागणी येते ती झुंडीनं. आपल्याकडे ती पंचांगातून येते. एकाच मुहूर्तावर शहरातली सगळी कार्यालयं भरलेली, आणि चातुर्मासात तीच ओस. गोव्यात समुद्रकाठची शॅक्स पावसाळ्यात मोडून ठेवतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा उभारतात. लगीनसराईतल्या शनिवारी लागणारे शंभर वाढपी श्रावणातल्या मंगळवारीही पगारावर ठेवा, असं कुणी म्हणणार नाही. म्हणजे मागणी चढती-उतरती आहे हे खरं. प्रश्न वेगळा आहे: या चढउताराचा भार कुणी वाहायचा? भांडवलानं, गिऱ्हाइकानं, की ज्याच्याकडे वाहायला सर्वांत कमी बळ आहे त्यानं?

पाहुण्याला देव मानावं हा उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आहे, आणि पर्यटन खात्याच्या जाहिरातींमुळे तो आता सगळ्यांच्या तोंडी आहे. पण तो कुणाला केलाय हे आपण विसरतो. तो विद्या पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला केलेला आहे. म्हणजे ज्याचं घर असणार, त्याला. आतिथ्य करायचं तर आधी 'इथला' असावं लागतं. आपल्या जुन्या पंगतीत वाढायला घरची, भावकीतली, आळीतली माणसं असत. आग्रह करण्याचा त्यांना हक्क होता, कारण ती त्या घरची होती. (त्या पंगतीचे फार गोडवे गाऊ नयेत, बरं का. कुणाला कुठे बसवायचं, कुणाला बाहेरच ठेवायचं, आणि बायकांनी शेवटी उरलंसुरलं खायचं, हेही त्याच पंगतीत ठरत होतं. पैसे मोजून वाढपी आणण्यात एका अर्थी मोकळेपणाही आहे.) तरी अडचण उरतेच. 'इथला' नसलेल्या माणसाकडून आपण 'इथल्या'सारखं वागण्याची अपेक्षा करतो. आर्ली हॉखशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली 'द मॅनेज्ड हार्ट' या पुस्तकात हवाई सुंदरींच्या कामाबद्दल लिहिताना याला भावनिक श्रम म्हटलं. हसू हाही कामाचाच भाग. कायम नोकराच्या हसण्याला निदान काहीतरी परतफेड असते: ओळख, बढती, एखाद्या गिऱ्हाइकानं नावानं हाक मारणं. रोजंदारीवरच्या माणसाला यातलं काही मिळत नाही, हसू मात्र पूर्ण मापानं द्यावं लागतं.

आता साखळी बघा. वधूपिता कार्यालयाला पैसे देतो, कार्यालय केटररला काम देतं, केटरर माणसं पुरवणाऱ्याला फोन करतो, तो मुलांना गोळा करतो. उकळतं तेल हातावर सांडलं तर तो मुलगा कुणाचा? प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवतो. गंमत अशी, की कायद्याला हा प्रश्न फार पूर्वी सुचला होता. 1970च्या कंत्राटी कामगार कायद्यानं सांगितलं, की ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यायची. पण हा कायदा वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांसाठी होता, आणि अधूनमधून चालणारं काम त्यातून वगळलेलं होतं. वर्षात 120 दिवसांहून अधिक चाललं तर, किंवा हंगामी असून 60 दिवसांहून अधिक चाललं तर, ते अधूनमधूनचं मानायचं नाही. कार्यालयात काम वर्षभर चालतं, पण एकेका मुलाच्या वाट्याला येतं ते चार इथे, सहा तिथे. कुठल्याच वहीत तो पुरता उतरत नाही.

हॉटेलांत दुसरा प्रकार चालतो, त्याला सगळे 'ब्रेक देणं' म्हणतात. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत 240 दिवस भरले की सलग वर्षाची सेवा धरली जाई, आणि मग काढताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागे. म्हणून सात-आठ महिने झाले की माणसाला घरी बसवायचं आणि थोड्या दिवसांनी नव्या नावानिशी, म्हणजे नव्या कागदानिशी, पुन्हा बोलवायचं. काम तेच, टेबलं तीच. महाराष्ट्रानं 1971 साली स्वतःचा कायदा करून याला अनुचित प्रथा ठरवलं: कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं. त्या इंग्रजी कायद्यात 'बदली' हा आपलाच शब्द तसाच छापलेला आहे. मुंबईच्या गिरणीच्या दारातून तो थेट कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला. 2020 साली संसदेनं जुने केंद्रीय कायदे नव्या संहितांत गुंडाळले, आणि त्यांत ठरावीक मुदतीच्या नोकराला कायम नोकराइतकेच फायदे व एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, अशी तरतूद केली. चांगली आहे. पण ती मुदतीचा करार हातात असलेल्यासाठी. फोनवर बोलावलेल्याच्या हातात कागदच नसतो.

इथे कांटची मदत घेऊ. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, असं तो 1785 साली सांगून गेला. त्यातला 'केवळ' महत्त्वाचा. वेटरकडून वाढून घेणं हा काही गुन्हा नव्हे. परीक्षेची फी भरायला दहा रात्री काम करून निघून जाणाऱ्या विद्यार्थ्याचं तात्पुरतेपण त्याच्या स्वतःच्या योजनेतलं आहे. हंगाम संपला की गोव्याहून डोंगरांतल्या पर्यटनस्थळी कामाला जाणारा माणूसही आपलं वर्ष स्वतः आखतो, तंगीत का होईना. पण बारा वर्षं एकाच हॉटेलात 'तात्पुरता' असलेल्या माणसाचं तात्पुरतेपण दुसऱ्याच्या योजनेतलं आहे, आणि त्याला ते रोज नवं म्हणून सांगितलं जातं. आमचा आक्षेप आहे तो या तिसऱ्या प्रकाराला. 2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा अशा माणसांना कुणी काढून टाकलं नाही. नुसता फोन आला नाही.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे: मग आम्ही टिप द्यावी का? जरूर द्या. पण बऱ्याच ठिकाणी टिप एका डब्यात जमा होते आणि हजेरीवरच्या मुलांपर्यंत तो डबा पोचत नाही, म्हणून ती हातात द्या. आणि घरचं कार्य असेल तर केटररला मेनूबरोबर दोन गोष्टी विचारा: वाढणारी मुलं जेवणार कधी, आणि रात्री घरी जाणार कशी. प्लेटमागे त्यासाठी चार रुपये जास्त पडतील, ते मोजा.