विमान आता काय करते आहे?

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरील धावपट्टीची रेषा नकाशावर पूर्वेकडे वाढवत नेली, तर सुमारे ७० किलोमीटरवर ती दौंडच्या आसपास पोहोचते. शिरूर या रेषेच्या उत्तरेला आहे. लोहगावपासून त्याचे हवाई अंतर ५५ किलोमीटरच्या घरात. पश्चिमेचा वारा असताना पुण्यात उतरणारे विमान पूर्वेकडूनच धावपट्टीसमोर येते. त्यामुळे भीमा आणि घोड नदीच्या काठांवरून वर पाहणाऱ्याला पुण्याचे विमान दिसते, तेव्हा ते बहुधा उतरणीला लागलेले असते.

हीच उतरण आता घरच्या संगणकावर अनुभवता येते. मात्र गेल्या काही वर्षांत आलेली ‘हुबेहूब’ प्रवासी विमाने हा साधा खेळ राहिलेला नाही. त्यांत वीज, इंधन, हवेचा दाब, हायड्रॉलिक्स अशा सगळ्या यंत्रणा खऱ्यासारख्या चालतात. एक पायरी चुकली की पुढची होत नाही. नवखा माणूस हौसेने बसतो, समोर काळोखी कॉकपिट आणि शेकडो स्विच दिसतात. तासभर खटपट करूनही इंजिन सुरू होत नाही आणि दोन दिवसांत हौस संपते. दोष त्याच्या बुद्धीचा नसतो, सुरुवात चुकीच्या टोकाने झालेली असते.

एकच विमान निवडा

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये एअरबस ए-३२० उडवायचे असेल, तर ‘फ्लायबायवायर’ या स्वयंसेवी गटाने तयार केलेले विमान मोफत मिळते. विकतच्या विमानांत फेनिक्सचे ए-३२० आणि पीएमडीजीचे बोइंग ७३७ नावाजलेले आहेत. एक्स-प्लेन वापरणारे टोलिसची एअरबस घेतात. यातले कोणतेही एक निवडा आणि निदान काही महिने तेच उडवा. एअरबस आणि बोइंग यांची विचारपद्धतच वेगळी आहे. दोन्ही एकदम शिकणे म्हणजे एकाच वेळी दोन लिपी गिरवण्यासारखे.

सामान फार लागत नाही. बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक, शंभर जीबीहून अधिक मोकळी जागा आणि एक साधी जॉयस्टिक. खऱ्या ए-३२० मध्येही वैमानिकाच्या हाताशी मोठे चाक नसते, बाजूला छोटी दांडीच असते. ती सोडून दिली तरी विमान दिलेली स्थिती राखते, त्यामुळे नवख्याला हे विमान तसे सोपे जाते. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस हवाच. दोन तासांचे उड्डाण धावपट्टीसमोर येऊन विझले की फार चुटपुट लागते.

मेंदूला पेलेल तेवढेच

जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये दाखवले की माणूस एका वेळी सुमारे सातच गोष्टी मनात धरू शकतो. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये हा आकडा चारच्या आसपास आणला. काळोख्या कॉकपिटपासून उड्डाणापर्यंतच्या कामांची यादी याच्या कितीतरी पट लांब असते. म्हणून शिकण्याचा क्रम उलटा ठेवावा.

पहिल्या टप्प्यात इंजिने चालू असलेले विमान थेट धावपट्टीवर घ्या. उड्डाण करा, पाच हजार फुटांवर सरळ राहा, डावी-उजवीकडे वळा. बस्स. दुसऱ्या टप्प्यात धावपट्टीपासून वीसेक किलोमीटरवर, तिच्या समोरच हवेत सुरुवात करा आणि फक्त उतरण्याचा सराव करा. बंद विमान सुरू करणे तिसऱ्या टप्प्यात आणि प्रवासाचा मार्ग संगणकात भरणे चौथ्यात. रोज अर्धा तास बसा. रविवारी एकदम पाच तास बसण्यापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो. विभागून केलेला अभ्यास जास्त टिकतो, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच नोंदवले होते.

तिसऱ्या टप्प्यात पाठांतरापेक्षा कारण समजून घ्या. आधी बॅटरी, मग बाहेरची वीज किंवा शेपटीतले छोटे सहायक इंजिन. त्याच इंजिनाची दाबाखालची हवा मुख्य इंजिन फिरवायला लागते, म्हणून ते आधी. दिशादर्शक यंत्रणा चालू केल्यावर सुमारे दहा मिनिटे थांबावे लागते, कारण तिच्यातले जायरो पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे मोजून उत्तर दिशा शोधत असतात. तेवढ्यात विमान हलले तर हिशेब चुकतो. कारण कळले की क्रम आपोआप लक्षात राहतो.

एक व्यावहारिक अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते. ए-३२० मध्ये इंजिनाची शक्ती ठरवणाऱ्या दांड्यांना ठरावीक खाचा असतात. घरच्या जॉयस्टिकला त्या नसतात. विमानाच्या पडद्यावरील टॅबलेटमध्ये जाऊन कोणती जागा म्हणजे कोणती खाच हे एकदा नोंदवून घ्यावे लागते. ते केले नाही, तर विमान ऐकत नाही आणि दोष कुठे आहे ते उमगत नाही.

ढकला किंवा ओढा

एअरबसच्या समोरच्या पट्टीवर वेग, दिशा, उंची आणि उतरण्याचा वेग यांचे चार नॉब असतात. पहिल्या तिन्हींचा नियम सुटसुटीत आहे. नॉब आत ढकलला की काम विमानाच्या संगणकाकडे गेले. बाहेर ओढला की ते आपल्याकडे आले. आता ते काम आपण दिलेल्या आकड्यानुसार होईल. चौथा थोडा वेगळा आहे. तो ओढला की दिलेल्या गतीने उतरण किंवा चढण सुरू होते आणि ढकलला की विमान आहे त्या उंचीवर सरळ होते.

नॉब फिरवला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. विमानाने काय स्वीकारले, ते समोरच्या पडद्याच्या अगदी वरच्या ओळीत लिहून येते. इंजिन कशासाठी चालले आहे, उंची कोण सांभाळते आहे, दिशा कोण सांभाळते आहे, हे तिथे मोजक्या अक्षरांत दिसते. नवख्याने रोज पाहायची जागा ही. एअरबसचे वैमानिक या ओळीत बदल झाला की तो मोठ्याने उच्चारतात. दौंडकरांना यात नवल वाटू नये. गाडीचा लोको पायलट आणि त्याचा सहायक पुढचा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, तीच ही रीत. डोळ्यांनी पाहिलेले तोंडाने बोलले की लक्ष घसरत नाही. घरी एकट्याने उडवतानाही ती ओळ मोठ्याने वाचा. घरचे हसतील, हसू द्या.

सातशेचा आकडा

ही सवय का लावायची, त्याचे उत्तर भारताच्याच विमान इतिहासात आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० जातीचे विमान मुंबईहून बंगळूरुला निघाले. विमानात १४६ जण होते. दुपारी बंगळूरुच्या धावपट्टीपाशी येताना ते अलीकडेच, गोल्फच्या मैदानावर आदळले. ९२ जणांचा मृत्यू झाला.

इंजिनात बिघाड सापडला नाही. चौकशीत पुढे आले ते असे: मिनिटाला ७०० फूट अशी उतरण्याची गती द्यायची होती, पण बहुधा शेजारचा नॉब फिरवला गेला आणि ७०० फूट ही उंची दिली गेली. त्यामुळे विमान वेगळ्याच अवस्थेत गेले. त्या अवस्थेत इंजिने किमान शक्तीवर राहतात आणि विमान केवळ खाली येत राहते. वेग घटत गेला. वैमानिकांच्या हे वेळीच लक्षात आले नाही आणि शक्ती वाढवली तेव्हा उशीर झाला होता.

७०० हा आकडा कुठून येतो, हे घरी पडताळता येते. विमाने साधारण तीन अंशांच्या उताराने उतरतात. त्यासाठी जमिनीवरील वेग नॉटमध्ये घेऊन पाचाने गुणला की मिनिटाला किती फूट उतरायचे ते मिळते. वेग १४० नॉट असेल तर १४० गुणिले ५, म्हणजे ७००. आकडा बरोबर होता, जागा चुकली. हुबेहूब विमानात मुद्दाम चुकीचा नॉब फिरवून पाहा. वरच्या ओळीतली अक्षरे बदलतात, इंजिनाचा आवाज मंदावतो, बाकी सगळे शांत राहते. त्या शांततेतला धोका पुस्तकात वाचून कळत नाही.

हैदराबादहून पुण्याला

पहिल्या पूर्ण प्रवासासाठी पुणे–मुंबई जवळ म्हणून अनेकजण निवडतात आणि फसतात. चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते, विचाराला वेळ मिळत नाही. त्यापेक्षा हैदराबाद–पुणे घ्यावे. अंतर सुमारे ५०० किलोमीटर, शिवाय सरळ रेषा दौंडच्या जवळूनच जाते.

उतरण्याचा ढोबळ नियम असा: हजार फूट उतरायला तीन नॉटिकल मैल, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर लागतात. दौंडपासून धावपट्टी ३८ नॉटिकल मैल. म्हणजे विमानतळापेक्षा पावणेतेरा हजार फूट वर असावे. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर आहे. ते मिळवले की उंची निघते साडेचौदा हजार. वेग कमी करायलाही जागा लागते, म्हणून थोडे खालीच असलेले बरे. दौंडवर तुम्ही वीस हजारांवर असाल, तर उतरायला उशीर झाला आहे हे संगणकाने सांगण्याआधी तुम्हालाच कळेल. शिरूरसाठीचे गणित वाचकांनी स्वतः करून पाहावे.

शरीराचे ऐका

घरच्या विमानात एक गोष्ट कधीच येत नाही. ती म्हणजे हालचालीची जाणीव. डोळे सांगतात वळतो आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो स्थिर आहोत. या विसंगतीमुळे काहींना मळमळते, डोके जड होते; डोळ्यांवर चढवण्याचा व्हीआर चष्मा असेल तर हे जास्त होते. त्रास सुरू होताच थांबावे. नेट धरून तो मोडत नाही. पडद्याकडे टक लावताना पापण्या कमी मिटतात, म्हणून दर वीस मिनिटांनी दूर पाहावे.

ज्या घरात वैमानिक होण्याचे स्वप्न आहे, तिथे आणखी एक हिशेब स्पष्ट हवा. व्यावसायिक परवान्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण आणि वर्ग-१ ची वैद्यकीय तपासणी लागते. घरच्या संगणकावरचा एकही तास त्यात धरला जात नाही. उलट पडद्यावर शिकलेला विद्यार्थी खऱ्या छोट्या विमानात बाहेर पाहायचे सोडून काट्यांकडेच पाहत बसतो, अशी सवय मोडावी लागते. मात्र जमीन गहाण ठेवण्यापूर्वी, किंवा मोठे कर्ज काढण्यापूर्वी, हे काम आपल्याला रोज आवडेल का, याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. वैद्यकीय तपासणीही फी भरण्याआधीच करून घ्यावी.

बाकीच्यांसाठी परवाना नसला तरी शिकण्यासारखे बरेच आहे. यंत्र आपल्यासाठी काम करू लागले की माणूस विचारायचे सोडतो. गाडीतला रस्ता दाखवणारा नकाशा असो वा शेतातला आपोआप चालणारा पंप, ‘आता हे काय करते आहे?’ हा प्रश्न अधूनमधून विचारायलाच हवा. हुबेहूब विमान तो प्रश्न दर मिनिटाला विचारायला लावते.