फिश टँकचे घरगुती झाकण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साधा काचेचा टँक बहुधा उघडाच विकला जातो. झाकण मागावे, तर दिव्यासकट महागडे हूड पुढे येते किंवा आपल्या मापाचे मिळत नाही. मग घरीच बनवायचे ठरते आणि ऐकीव सल्ले सुरू होतात. त्यांतले काही माशाच्या जिवावर बेततात, काही माणसाच्या.

गैरसमज : झाकण लावले की मासे गुदमरतात.

वस्तुस्थिती : प्राणवायू पाण्यात उतरतो तो पृष्ठभागातून. पृष्ठभाग हलता असेल आणि झाकणाला थोड्या फटी असतील, तर तो पुरेसा मिळतो. एअरपंप तर हवा टँकबाहेरूनच खेचतो. मासे गुदमरतात ते गर्दीने, बंद पडलेल्या फिल्टरने आणि तापलेल्या पाण्याने. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. फायटर आणि गुरामी मात्र वर येऊन थेट हवा घेतात. त्यांच्यासाठी पाणी आणि झाकण यांत तीन-चार सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी.

गैरसमज : पाणी थोडे कमी भरले की मासे बाहेर उडत नाहीत.

वस्तुस्थिती : अरोवाना तर निसर्गात पाण्याबाहेर झेप घेऊन किडे टिपतो. झेब्रा डॅनिओसारखा बोटाएवढा मासाही बिचकला की काठ सहज ओलांडतो. नव्या टँकमधले पहिले काही दिवस, दुसऱ्या माशाने केलेला पाठलाग, अचानक लागलेला दिवा ही उड्यांची नेहमीची कारणे. मासा नेमका पाइपाजवळच्या फटीतूनही निसटतो. म्हणून तिथे स्पंजची पट्टी बसवावी.

गैरसमज : ॲक्रिलिक हलके आणि न फुटणारे, म्हणून काचेपेक्षा चांगले.

वस्तुस्थिती : ॲक्रिलिक ओलावा शोषते. खालची बाजू सतत दमट आणि वरची कोरडी राहिली की पातळ शीट वाकते, कोपरे वर उचलले जातात. काच वाकत नाही, पण जड असते. ६० बाय ३० सेंटिमीटरची ४ मिलिमीटर जाडीची काच १.८ किलो भरते. त्यामुळे दोन तुकडे करून घ्यावेत, म्हणजे खाऊ घालताना एकच उचलता येतो. कडा दुकानातच घासून घ्याव्यात. हलकेच हवे असेल, तर शेडच्या छपराला वापरतात ती पोकळ पॉलिकार्बोनेट शीट ॲक्रिलिकपेक्षा कमी वाकते. झाकण काठावर ठेवण्यापेक्षा आतल्या टेकूंवर बसवले, तर वाफेचे थेंब पुन्हा टँकमध्येच पडतात.

गैरसमज : जाळी कोणतीही चालते, सिलिकॉनही कोणतेही.

वस्तुस्थिती : लोखंडी जाळी गंजते. जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा पितळी जाळीवरून ठिबकणाऱ्या पाण्यातून जस्त-तांबे टँकमध्ये उतरू शकते आणि तांब्याचा अंशही कोळंबी-गोगलगायींना घातक ठरतो. खिडकीला लावतात ती फायबर किंवा नायलॉनची मच्छरजाळी वापरावी. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते टाळून ॲक्वेरियमसाठीचेच घ्यावे. त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याशिवाय झाकण टँकवर ठेवू नये.

गैरसमज : एलईडी पट्टी १२ व्होल्टची, मग शॉकची भीती कसली?

वस्तुस्थिती : पट्टी १२ व्होल्टची असली, तरी तिचा ॲडॉप्टर २३० व्होल्टवर चालतो. तो झाकणावर किंवा टँकखाली कधीही ठेवू नये. टँककडून येणाऱ्या वायरला बोर्डाच्या खालपर्यंत झोल द्यावा आणि मगच ती वर प्लगकडे न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोलापाशी गळून पडते. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटवर पडतो, माणसाला बसणाऱ्या शॉकवर त्याचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो असला तरी पाण्यात हात घालण्याआधी टँकचे सगळे प्लग काढावेत. पट्टी काचेच्या वरून लावणे सर्वांत सोपे. मात्र काचेवर क्षारांचा पांढरा थर साचला की उजेड घटतो, तेव्हा व्हिनेगरने पुसून काच धुऊन घ्यावी.

गैरसमज : पाणी आटते म्हणून उन्हाळ्यात झाकण घट्टच हवे.

वस्तुस्थिती : पाणी आटते हे खरे. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, म्हणून नुसती भर घालत राहिल्यास पाणी जड होत जाते. बोअरवेलच्या पाण्याने तर लवकरच. पण हे बाष्पीभवनच टँक थंड ठेवते. सुमारे १७० मिलिलिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, तेवढ्याने १०० लिटर पाणी एका अंशाने थंड होऊ शकते. पूर्ण काचेने ही वाट अडते. मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत हा थंडावा चांगला मिळतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत कमी, तिथे पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडावा लागतो. म्हणून एकाच मापाची दोन झाकणे बनवावीत. एप्रिल ते जून पीव्हीसी पट्ट्यांच्या चौकटीवर ताणलेली जाळी, एरवी काच. जाळीच्या दिवसांत पाण्याची पातळी रोज पाहावी आणि नुसती भर घालण्याऐवजी दर आठवड्याला थोडे जुने पाणी काढून नवे घालावे.