परका, रक्षक आणि संशयित : ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रवेश, लोकसेना व संरक्षण कायद्यांचा मागोवा

ब्रिटिश हिंदुस्थानातील परदेशप्रवेशाचे, लोकसेनेचे आणि संरक्षणाचे कायदे सामान्यतः वेगवेगळ्या प्रकरणांत अभ्यासले जातात. प्रवेशाचे नियम प्रशासनाच्या इतिहासात, स्वयंसेवक दलांचे कायदे लष्करी इतिहासात आणि खटल्यावाचून स्थानबद्धतेचे अधिकार स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात अशी त्यांची वाटणी झालेली दिसते. तथापि हे तिन्ही प्रकार एकत्र ठेवून पाहिले, तर त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न होता असे आढळते, आणि तो म्हणजे राज्यसत्तेचा विश्वास कोणावर असावा व तो कोणी ठरवावा हा. देशात कोणी यावे, शस्त्र कोणी धरावे आणि संशयावरून कोणाला डांबावे, या तिन्हींचे उत्तर वसाहतीच्या कायद्याने रहिवासावर किंवा आचरणावर सोपवले नाही. ते वंश व राजनिष्ठा यांच्या सरकारी अंदाजावर सोपवले.

या परंपरेचा आरंभ एका विसंगतीने झाला, कारण कंपनी सरकारचे प्रवेशनियम प्रथम गोऱ्या लोकांविरुद्धच वापरले गेले. व्यापाराची मक्तेदारी राखण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्याविना कोणाही ब्रिटिश प्रजाजनाला हिंदुस्थानात राहता येत नसे, आणि परवाना रद्द होताच त्याला जहाजावर चढवून परत धाडता येई. कलकत्त्याहून घालवून दिलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले, तेव्हा त्यांनाही देश सोडण्याचा हुकूम झाला होता. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार होऊन अखेरीस त्यांना राहू देण्यात आले आणि त्यातूनच पुढे अमेरिकन मराठी मिशनचे काम उभे राहिले. ‘कलकत्ता जर्नल’चा संपादक जेम्स सिल्क बकिंगहॅम याच्या वाट्याला असे दैव आले नाही. १८२३ मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल जॉन अॅडम याने टीकेला कंटाळून त्याचा परवाना काढून घेतला व त्याला हद्दपार केले. १८३३ च्या सनदी कायद्याने ब्रिटिश प्रजाजनांवरील हे बंधन बव्हंशी उठवले. पण परवाना ही सरकारने दिलेली सवलत असून ती कारण न देता काढून घेता येते, ही कल्पना मात्र कायद्याच्या स्मृतीत राहिली.

१८५७ च्या उठावानंतर या कल्पनेला नवे रूप मिळाले. १८६४ च्या परकीय व्यक्तींविषयीच्या कायद्याने, जो ब्रिटिश राणीचा प्रजाजन नाही व ब्रिटिश हिंदुस्थानचा मूळ रहिवासी नाही अशा कोणालाही देश सोडण्याचा हुकूम देण्याचा आणि त्याच्या प्रवासावर परवान्याची अट घालण्याचा अधिकार सरकारला दिला. देशी लोकांसाठी वेगळे साधन आधीपासूनच हाताशी होते. बंगालचे १८१८ चे तिसरे रेग्युलेशन आणि मुंबई इलाख्याचे १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन यांच्या आधारे राज्याच्या सुरक्षिततेचे कारण दाखवून माणसाला आरोपपत्रावाचून ठेवता येत असे. रेग्युलेशन म्हणजे विधिमंडळे अस्तित्वात येण्यापूर्वी गव्हर्नरांनी आपल्या कौन्सिलच्या साहाय्याने केलेला कायदा. पुण्यात १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड याच्या हत्येनंतर नातू बंधूंना मुंबई इलाख्याच्या याच जुन्या रेग्युलेशनखाली खटल्यावाचून स्थानबद्ध करण्यात आले, तेव्हा सत्तर वर्षांपूर्वीचा विस्मृतीत गेलेला कायदाही किती सहजपणे जागा होतो, हे मराठी वाचकवर्गाला कळून आले.

शस्त्रांच्या बाबतीत वर्गवारी अधिक उघड होती. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत संमत झालेल्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले आणि त्याखालील नियमांनी युरोपियन व अँग्लो-इंडियन यांना त्या अटीतून वगळले; वंशावर आधारलेली ही सूट १९२० च्या नियमांपर्यंत टिकली. तिची दुसरी बाजू म्हणजे स्वयंसेवक दले. इंग्लंडात जिला मिलिशिया म्हणत, ती लोकसेना म्हणजे आपला धंदा सांभाळून ठरावीक दिवस कवाईत करणाऱ्या व संकटकाळी स्थानिक संरक्षणासाठी बोलावल्या जाणाऱ्या रहिवाशांचे सैन्य. १८६९ च्या कायद्याने हिंदुस्थानातील स्वयंसेवक दलांची नव्याने मांडणी केली आणि रेल्वे कंपन्या, गिरण्या, कचेऱ्या व मळे यांतील गोऱ्या नोकरवर्गातून ती भरली गेली. मुंबई इलाख्यात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे असे स्वतंत्र दल होते. प्रत्यक्षात या दलांत फार थोडे अपवाद वगळता देशी माणसाला प्रवेश नव्हता, कारण त्यांचे एक न बोललेले कार्य पुन्हा उठाव झाल्यास देशी लोकांपासून गोऱ्या वस्तीचे रक्षण करणे हेच होते.

१८८५ मध्ये अफगाण सरहद्दीवर पंजदेह येथे रशियाशी युद्ध पेटण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा सुशिक्षित हिंदी वर्गाने स्वयंसेवक होण्याची तयारी दाखवली. सरकारने ती मागणी एकंदरीत नाकारली. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेने पुढील अधिवेशनांत स्वयंसेवक दले हिंदी लोकांना खुली करावीत व शस्त्रकायद्यात दुरुस्ती करावी असे ठराव केले. करकपात किंवा नोकऱ्या यांच्याबरोबरच सैनिकी ओझे स्वतःहून मागणारी ही मागणी वरवर चमत्कारिक वाटते. परंतु ज्याच्यावर संरक्षणाचे कर्तव्य टाकले जात नाही, त्याला राज्याचा भागीदारही मानले जात नाही, ही खूणगाठ त्या पिढीने बांधली होती.

नियमित सैन्यातही ही चाळण याच काळात बारीक झाली. काही जाती व प्रांत उपजतच लढवय्ये आणि बाकीचे लढाईस नालायक, असे मानणाऱ्या तथाकथित लढाऊ जमातींच्या सिद्धांतानुसार भरतीचा भर पंजाब व नेपाळकडे वळला, आणि कंपनीच्या मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या महार समाजाची भरती १८९० च्या दशकाच्या आरंभी बंद झाली. गोपाळ बाबा वलंगकर यांनी सिद्ध केलेला अर्ज आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये केलेली विनंती या दोन्हींत पूर्वजांच्या सेवेचा दाखला देऊन भरतीचा हक्क मागितला होता. पहिल्या महायुद्धाच्या निकडीने १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली, आणि १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीने महार रेजिमेंट बेळगाव येथे पुन्हा उभारण्यात आली. गरज असेल तेव्हा एखाद्या समाजाच्या लढाऊपणाचा शोध लावणारा व गरज सरताच तो विसरणारा हा सिद्धांत कितपत शास्त्रीय होता, हे या तीन वर्षांच्या नोंदींवरून उघड होते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि आतापर्यंत वेगळ्या वाटांनी चाललेले हे कायदे एकमेकांत मिसळले. शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना अध्यादेशाने, म्हणजे विधिमंडळात न जाता गव्हर्नर जनरलने काढलेल्या तात्पुरत्या कायद्याने, नियंत्रणाखाली आणून अनेक जर्मनांना अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले. यात नवल नव्हते. नवल होते ते ५ सप्टेंबरच्या हिंदुस्थानप्रवेश अध्यादेशात, कारण देशात शिरणाऱ्या कोणाच्याही हालचालींवर त्याने निर्बंध घालता येत होते व त्याचा रोख परदेशांतून घरी परतणाऱ्या हिंदी प्रजाजनांवरच होता. कॅनडाने १९०८ मध्ये मायदेशाहून अखंड प्रवास करून आलेल्यांनाच प्रवेश देण्याचा नियम केला होता. हिंदुस्थानातून थेट आगबोटींची सोय नसल्याने वंशाचा उल्लेखही न करता हिंदी लोकांना त्याने रोखता येई. त्या नियमाला आव्हान देत ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरला गेलेली ‘कोमागाटा मारू’ ही बोट दोन महिन्यांनी परत फिरवली गेली आणि २९ सप्टेंबर १९१४ रोजी कलकत्त्याजवळ बजबज येथे लागली. प्रवाशांना थेट पंजाबकडे नेण्याचा सरकारचा प्रयत्न, त्यांचा कलकत्त्याकडे जाण्याचा आग्रह आणि त्यातून झालेला गोळीबार यांत सुमारे वीस जण मारले गेले. साम्राज्याच्या एका टोकाला परके म्हणून नाकारलेला माणूस दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या देशात, संशयित म्हणून स्वीकारला गेला.

अमेरिकेतून परतलेल्या गदर पक्षाच्या क्रांतिकारकांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये छावण्यांतून उठाव घडवण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यानंतर मार्च १९१५ मध्ये हिंदुस्थान संरक्षण कायदा संमत झाला. त्याने सरकारला नियमांद्वारे स्थानबद्धता, प्रांतबंदी व भाषणबंदी यांचे अधिकार दिले, तसेच तीन आयुक्तांची विशेष न्यायालये स्थापन केली, ज्यांच्या निकालावर अपील नव्हते. लाहोर कटाच्या खटल्यात अशाच न्यायालयाने चोवीस जणांना फाशी सुनावली. त्यांपैकी सतरा जणांची शिक्षा पुढे कमी झाली आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी सात जण फासावर गेले. त्यांत कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील, अमेरिकेत शिकण्यास गेलेले विष्णू गणेश पिंगळे हेही होते.

याच कायद्याच्या छायेत १९१७ चा हिंदी संरक्षण दलाचा कायदा आला आणि वर्गवारीची सर्वांत बोलकी तरतूद त्यात उतरली. सोळा ते पन्नास वर्षे वयाच्या ‘युरोपियन ब्रिटिश प्रजाजनां’वर वयोमानानुसार प्रशिक्षण, सर्वसाधारण सेवा किंवा स्थानिक सेवा सक्तीची करण्यात आली, हिंदी लोकांसाठी मात्र वेगळा, ऐच्छिक व मर्यादित विभाग ठेवला गेला. दिसताना ही हिंदी जनतेला मिळालेली सूट होती, परंतु राज्य आपले असलेल्यांवर सक्ती आणि राज्य आपले नसलेल्यांना मुभा, असा तिचा अर्थ होता. लोकमान्य टिळकांनी तरुणांना या दलात नाव नोंदवण्याचे आवाहन केले, आणि त्याच वर्षाच्या प्रारंभी संरक्षण कायद्याच्या नियमांखाली टिळकांनाच पंजाब व दिल्लीत पाऊल ठेवण्यास बंदी झाली. संरक्षण दलासाठी माणसे मिळवणारा पुढारी आणि संरक्षणाला धोका असलेला इसम एकच असल्याचे सरकारच्या दफ्तरी नमूद झाले. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक सहकार्याच्या अटी, म्हणजे स्वराज्याचा प्रश्न, मांडू लागताच गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी त्यांना थांबवले व टिळक सभेतून निघून गेले. सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी उमेदवारांसाठी दहा जागा राखण्याची घोषणा त्याच वर्षी झाली. मागणी आणि दान यांतील अंतर तेवढ्यावरूनही मोजता येते.

युद्धकाळापुरते म्हणून केलेले कायदे युद्धाबरोबर संपले नाहीत. स्थानबद्धतेचे अधिकार शांततेतही चालू ठेवण्यासाठी मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आणला गेला; त्याविरुद्धच्या चळवळीतून जालियनवाला बाग घडली आणि तो कायदा प्रत्यक्ष वापराविनाच १९२२ मध्ये रद्द झाला. रौलट कायद्यावर देश पेटला, परंतु युद्धातील पारपत्रविषयक नियमांना कायमचे करणारा १९२० चा पारपत्र (हिंदुस्थानप्रवेश) कायदा फारशा चर्चेविना संमत झाला आणि एका शतकाहून अधिक काळ टिकला. १९२० मध्येच हिंदी संरक्षण दलाचे दोन तुकडे करण्यात आले : युरोपियन व अँग्लो-इंडियन यांच्यासाठी सहायक सेना आणि हिंदी लोकांसाठी प्रादेशिक सेना. सक्ती गेली, वंशभेद राहिला.

दुसऱ्या महायुद्धात हाच क्रम पुन्हा, अधिक वेगाने घडला. सप्टेंबर १९३९ मध्ये संरक्षणाचा अध्यादेश व पाठोपाठ कायदा आला, परकीयांच्या नोंदणीचा कायदा त्याच वर्षी झाला होता, आणि १९४० मध्ये युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांवर पुन्हा सक्तीची राष्ट्रसेवा लादली गेली, तर हिंदी सैन्य स्वेच्छाभरतीनेच सुमारे २५ लाखांपर्यंत वाढले. अहमदनगर व देवळाली येथील छावण्यांत आणि पुरंदर किल्ल्यावर ठेवलेल्या जर्मन भाषकांत हिटलरपासून पळालेले ज्यूही होते, कारण कायद्याला माणसाची कथा दिसत नव्हती, केवळ पारपत्र दिसत होते. दुसरीकडे १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला. तो आसरा उदार होता. तरीही निर्वासिताचा हक्क म्हणून तो दिलेला नव्हता, सरकारी मर्जी म्हणून दिलेला होता.

या यंत्रणेला न्यायालयाने एकदा ठाम अडवले. केशव तळपदे यांच्या प्रकरणात एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने, सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या नेतृत्वाखाली, संरक्षण कायद्याखालील स्थानबद्धतेचा २६ वा नियम अवैध ठरवला. मूळ कायद्याने वाजवी संशय असलेल्या माणसाला अडकवण्याची मुभा दिली होती, नियमाने मात्र सरकारचे समाधान झाले एवढेच पुरेसे मानले होते, हा त्यातील भेद न्यायालयाने उघड केला. काही दिवसांतच अध्यादेश काढून मूळ कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त करण्यात आला.

युद्ध संपल्यावर आलेल्या १९४६ च्या परकीय कायद्याने मागील अध्यादेशांचा सारांश पक्का केला. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्या नवव्या कलमाने त्या माणसावरच टाकला. स्वतंत्र भारताने हा कायदा जवळजवळ ऐंशी वर्षे चालवला. २००५ मध्ये आसाममधील स्थलांतरितांविषयीचा १९८३ चा वेगळा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हाही मुख्य मुद्दा पुराव्याच्या भाराचाच होता. १९२०, १९३९ व १९४६ चे कायदे रद्द करून त्यांच्या जागी आलेला २०२५ चा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. त्यातही हा भार त्या व्यक्तीवरच आहे. संरक्षण कायदा १९६२ व १९७१ मध्ये जवळपास जुन्याच नावाने परतला, आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेला तर संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदातच जागा मिळाली.

लोकसेनेच्या बाबतीत मात्र वारसा खरोखर तुटला. १९४८ च्या कायद्यांनी प्रादेशिक सेना व राष्ट्रीय छात्रसेना सर्व नागरिकांना खुल्या झाल्या, आणि संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने राज्याला सार्वजनिक कार्यासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा देताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९१७ च्या कायद्याला दिलेले हे नेमके उत्तर होते. स्वातंत्र्याने रक्षक कोण, या प्रश्नाचे उत्तर बदलले, कारण त्या प्रश्नासाठी १८८६ पासून सातत्याने ठराव, अर्ज व आंदोलने झाली होती. परका कोण आणि संशयित कोण, या प्रश्नांची उत्तरे कोणत्या प्रमाणाने द्यावीत, यावर तेवढा दीर्घ वाद झालाच नाही, म्हणून तेथे वसाहतीची पद्धत केवळ नव्या सरकारच्या हाती गेली.