गव्हाच्या बिअरमधील फळाची पारख

पुणें शहरांत 'डूलाली' ही ताजी बिअर तयार करून जागच्या जागीं विकणारी छोटी मद्यशाळा २००९ सालीं निघाली. पुढें अशा ठिकाणीं गव्हाच्या बिअरमध्यें आंबा, जांभूळ, स्ट्रॉबेरी घालण्याचा प्रघात पडत गेला. चाकण व पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील पगारदार मंडळी तिचीं गिऱ्हाइकें आहेत. बागाईतदारास ती प्यावयाची नसली तरी तिची पारख समजणें अगत्याचें आहे, कारण फळ त्याचें असतें.

ह्या बिअरमध्यें सातूच्या जोडीला गहूं असतो. त्यांतील नत्रयुक्त द्रव्यांमुळें ती गढूळ दिसते व वर दाट फेस धरते. हा दोष नव्हे. बेल्जियममधील हूगार्डेन गांवीं बंद पडलेला हा प्रकार पिएर सेलिस ह्या दुधाचा धंदा केलेल्या गृहस्थानें १९६६ सालीं पुन्हां सुरू केला. त्यांत धने व नारिंगाची वाळलेली साल पडते. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांतील गव्हाच्या बिअरला केळ्याचा व लवंगेचा वास येतो, पण तींत केळेंही नसतें व लवंगही नसते! तो सर्व यीस्टचा, म्हणजे पावाकरितां वापरतात त्या किण्वाचा, प्रताप. तेव्हां वास आला एवढ्यावरून फळ पडलें असें समजूं नये.

आतां मुख्य गोष्ट. आंबवण चालूं असतां फळ घातलें म्हणजे त्यांतील साखर यीस्ट खाऊन टाकतें. तिचा मद्यार्क व वायु होतो. मागें उरतो तो आंबटपणा, सुगंध आणि सालीचा तुरटपणा. म्हणून खऱ्या जांभळाची बिअर जांभळाइतकी गोड लागत नाहीं. पेला बर्फासारखा गार असल्यास थोडा वेळ तसाच ठेवावा. गारठ्यानें वास दबतो. मग आधीं हुंगावें, लहान घोट जिभेवर फिरवावा व गिळल्यावर थांबावें. आंबट-तुरट चव रेंगाळली तर फळ आहे असें बहुधा धरावें. नुसता सरबताचा गोडवा व अत्तरासारखा वास आला, तर अर्काची कुपी ओतली असण्याचा संभव मोठा. बर्लिनकडे रासबेरीचा पाक उघडपणें मिसळून देतात, ती गोष्ट निराळी.

मंडईंत गोडी, आकार व डागरहित साल ह्यांस भाव येतो. येथें आंबटपणा व वास ह्यांस यावयास पाहिजे. हापूसची महाग गोडी पिंपांत फुकट जाते. लहान, वेडेंवांकडें, पण पिकलेलें व निरोगी फळ गर काढून चालतें. कुजकें मुळींच देऊं नये, बुरशीची चव उतरते. स्ट्रॉबेरीचा रंग व वास लवकर ओसरतो, त्यामुळें ती पुष्कळ लागते. सौद्यापूर्वीं आंबटसर व पूर्ण पिकलेल्या मालाच्या दोन पाट्या निरनिराळ्या द्याव्या, दोहोंची बिअर वेगळी करवून घ्यावी आणि भावाचें बोलणें त्यानंतर काढावें. चव घेण्यास घरांतील कोणास पाठविल्यास त्यास २१ वर्षें पुरीं असावीं, असा आपल्या राज्याचा कायदा आहे.